गावबांधणीचे तांदूळ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच कुणाचा गैरसमज व्हायला नको. लहानपणी मी आपल्याच सावलीला भ्यायचो, लग्न झाल्यावर सासऱ्याला, आणि १९५२ साली ख्रिस्ती झाल्यावर सगळ्या गावाला.

बाप्तिस्मा मी घेतला तो बायकोच्या मागे. माझी वच्छला दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. मिशनच्या दवाखान्यात ती बरी झाली, बरी झाल्यावर वर्षभर तिथेच राहून दाईचं काम शिकली, आणि परत आली ती येशूला घेऊनच आली. पाद्रीसाहेबांनी मला विचारलं, "उदाराम, तुझं मन काय म्हणतं?" माझं मन म्हणत होतं की ही बाई मेलेली परत मिळाली आहे, आता ती जिकडे जाईल तिकडे आपण जावं. हे काही मी त्यांना सांगितलं नाही. "होय जी," एवढंच म्हणालो. नदीत डोकं बुडवलं आणि बाहेर आलो. ती मात्र आत गेली ती सबंध गेली. माझा एक पाय काठावरच राहिला.

सबंध म्हणजे कशी, ते ऐका. एकदा आमचा बैल केशोरावच्या शेतात शिरला आणि रोवणीसाठी ठेवलेले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, खाऊन आला. कुणी पाहिलं नव्हतं. केशोराव गावभर ओरडत हिंडत होता आणि त्याचा संशय भलत्याच माणसावर होता. मी म्हटलं, आपल्याला काय, गप्प बसावं. वच्छला चिखलाच्या पायांनी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. "भाऊ, आमच्या बैलानं खाल्ले. आमचे पऱ्हे घेऊन जा." त्या वर्षी आमची भाताची एक बांधी रोवायची राहून गेली.

रविवारी ती कुणाच्या शेतावर जायची नाही, मग रोवणीची कितीही घाई असो. नऊ मैल चालत सालेकशाला प्रार्थनेला जायची. जेवणाआधी प्रार्थना, पेरणीआधी प्रार्थना, कोंबडी अंड्यांवर बसवतानाही प्रार्थना. आणि तीही मनातल्या मनात नाही. "प्रभू, आमच्या निर्मलाबाईच्या जिभेवर थोडी दया कर," असं ती मोठ्यानं म्हणायची, आणि आमच्या कुडाच्या पलीकडे निर्मलाबाईच राहत होती. मी कपाळाला हात लावायचो.

आता गावबांधणीचं सांगतो. आमच्याकडे श्रावणात गाव बांधायचे. रोगराई आत येऊ नये म्हणून घरोघरचे तांदूळ गोळा करायचे, गावदेवी मातामायची पूजा करायची आणि गावाच्या चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकायच्या. त्या दिवशी उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत कुणी वेशीबाहेर जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही, चूल पेटवायची नाही, विहिरीत दोर सोडायचा नाही. ज्या घरचे तांदूळ त्या ढिगात पडले, ते घर बांधणीच्या आत. त्या घरातल्या एकानं जरी वेस ओलांडली तरी बांधणी तुटली, आणि ती सगळ्या गावाची तुटली. ज्यानं तांदूळ दिले नाहीत तो बाहेरचा. त्याच्या येण्याजाण्याचं मातेला सोयरसुतक नाही. पण मग गावालाही त्याचं सोयरसुतक नाही. त्याला विहिरीचं पाणी नाही, शेजारचा विस्तव नाही, मेल्यावर खांदा नाही.

एरवी हे असं कुणावर यायचं नाही, कारण तांदूळ सगळेच द्यायचे. आम्हीही द्यायचो. ख्रिस्ती झाल्यानंतरचा हा आमचा पहिलाच श्रावण होता. त्यात रेल्वेलाइनीवरच्या गावांत हैजा, म्हणजे कॉलरा, लागला होता. एका गावात एका दिवसात सात माणसं गेली असं कानावर आलं होतं. लोक घाबरले होते आणि घाबरणाऱ्यांना मी तरी काय नावं ठेवणार?

पुजारी बकाराम सूप घेऊन दारात आला. बकाराम माझा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी मिळून एकाच झाडाचे आंबे चोरलेले आणि एकाच काठीचा मार खाल्लेला. त्याला पाहून वच्छला बाहेर आली.

"बकाराम भाऊ, बांधनीच्या दिवशी मी चूल नाही पेटवत, विहिरीवर नाही जात," ती म्हणाली. "शेजाऱ्याले भेव वाटते तं मी कायले त्याचा जीव टांगनीले लावू? पन तांदूर नाही देत. ते आता माह्यानं होत नाही."

बकारामनं माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पाणी मी नाल्यावरून आणलं असतं. विस्तवाला काडेपेटी होती. पण खांदा? आम्हाला मूल ना बाळ. सालेकशाची ख्रिस्ती माणसं मोजून पाच-सहा घरची, त्यांना निरोप जाईल कधी आणि नऊ मैल चिखल तुडवत ते येतील कधी! मी मेलो तर माझं मढं घरात पडून राहिलं आहे आणि वच्छला एकटी दारोदार हाका मारते आहे, असं मला जेवताना दिसायचं.

मंगळवारी दुपारी वच्छला निंदणाला गेली होती. मी कोठीतले पसाभर तांदूळ धोतराच्या सोग्यात बांधले आणि बकारामच्या घरी गेलो.

"दोघाइच्या नावानं घे," मी म्हणालो.

"बाईले माहीत आहे का गा?"

"नाही."

बकारामनं सोगा सोडून तांदूळ सुपात ओतून घेतले. मग म्हणाला, "मी पटेलले सांगतो का तुमचे आले. बाईले तू सांगू नको, मीबी नाही सांगत."

मला वाटलं, सुटलो. दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहणारा माणूस पडेपर्यंत असंच समजत असतो.

दुसऱ्या दिवशी तांदूळ गोळा करायचं संपलं आणि वच्छला विहिरीवर गेली. मनाची तयारी करूनच गेली होती. परत आली ती भरलेली घागर घेऊन, आणि घागर खाली ठेवायच्या आधीच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "पाहा जी! मी तांदूर नाही दिले तरी कोनी पानी नाही अडवलं. निर्मलाबाई तं घागर उचलू लागली. प्रभूनं लोकाइचं मन मऊ केलं." तिथेच ओसरीवर गुडघे टेकून तिनं आभार मानले. मला म्हणाली, "तुमीबी बसा." मी बसलो. पुढे आठ दिवस, रोज दोन वेळा, ती त्या पाण्याबद्दल देवाचे आभार मानत राहिली आणि मी शेजारी बसून आमेन म्हणत राहिलो.

बांधणीचा दिवस उजाडला. गाव कसं चिडीचूप. चुली थंड, विहिरीवर दोराचा आवाज नाही. आम्ही रात्रीचा भात खाल्ला. माझ्या मनात एकच होतं: आजचा सूर्य एकदाचा बुडू दे.

दिवस दोन कासरे वर आला असेल, तेवढ्यात नाल्याकडून हाका ऐकू आल्या. नाल्यापलीकडे एक टोली, म्हणजे थोड्या घरांची वस्ती, आहे. ती आमच्या वेशीबाहेर पडते. बकारामची मुलगी नंदा तिथे दिली होती. तिचा नवरा टिकाराम पलीकडच्या काठावर उभा राहून वच्छलाच्या नावानं ओरडत होता. नंदाचं पहिलंच बाळंतपण. काल संध्याकाळपासून ती अडली होती. बाळाचा पाय आधी बाहेर आला होता आणि पुढे काही सरकत नव्हतं. पायाळू बाळ कसं सोडवायचं ते त्या भागात एकट्या वच्छलाला ठाऊक होतं. दवाखान्यात तिनं ते आपल्या हातानं केलं होतं.

तिनं पत्र्याचा डबा घेतला. त्यात साबण, दोरा, उकळून फडक्यात गुंडाळलेलं ब्लेड. "येतो जी," म्हणाली आणि निघाली. मी मागोमाग धावलो. तांदूळ तिच्या नकळत गेले आहेत हे गावात फक्त मला आणि बकारामला ठाऊक होतं.

वेशीच्या खुंटीपाशी गावचे प्रमुख शालीकराम पटेल बसले होते. बाजूला केशोराव आणि आणखी चार-पाच माणसं. बकाराम उभा होता. लेकीची खबर त्यानंही ऐकली होती. त्याच्या हातात पूजेची आंब्याची डहाळी होती.

"कुठं जाऊन राहिली वो बाई?" पटेलांनी विचारलं.

"नंदाकडे, पटेल बाबा. पोरगी अडली आहे."

"ऐकलं म्या. पन आज वेस बंद आहे."

"तुमच्यासाठी बंद. आमी बांधनीच्या बाहेरचे. आमचे तांदूर नाहीत ना."

"कोन म्हनते नाहीत? आले तुमचे तांदूर."

वच्छला हसली. पटेल म्हातारे झाले, विसरत असतील, असं काहीसं ते हसू होतं. "नाही जी. मी नाही दिले. बकाराम भाऊले विचारा."

सगळ्यांनी बकारामकडे पाहिलं. पलीकडून टिकाराम पुन्हा ओरडला. बकारामचे ओठ हलले. त्याच्या बापानं त्या खुंट्या ठोकल्या होत्या, आज्यानं ठोकल्या होत्या. मातेच्या कामात तो कधी खोटं बोलला नव्हता.

"माही चूक झाली पटेल," तो म्हणाला. "दुसऱ्या घरचे तांदूर मी याइचे समजलो. याइचे आलेच नाहीत. जाऊ द्या बाईले."

"तू मले नाव घेऊन सांगतलं होतं, बकाराम." पटेलांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "उदाराम, तू सांग. दिले का नाही?"

मी नुसती मान हलवायची होती. नाही म्हणायचं होतं. वच्छला नाला उतरून गेली असती, नंदाचा जीव वाचला असता, बकारामची इज्जत राहिली असती आणि माझ्या बायकोला माझी करणी जन्मात कळली नसती. पाणी गेलं असतं, खांदाही गेला असता, पण त्या घडीला मला तेही मंजूर होतं. मी मान हलवणारच होतो. खोटं सांगत नाही, मान हलायला लागली होती.

तेवढ्यात वच्छला म्हणाली, "विचारा ना, विचारा. माहे मालक खोटं नाही बोलनार."

असं ती ज्या भरवशानं म्हणाली ना, त्यानंच मला मारलं. आठ दिवस तिनं देवाचे आभार मानले होते ते माझ्या लबाडीबद्दल. आता नंदाचं बाळंतपणही माझ्याच लबाडीवर होणार होतं, आणि संध्याकाळी घरी येऊन ती त्याचेही आभार मानणार होती. मी शेजारी बसून पुन्हा आमेन म्हणणार होतो. मरेपर्यंत म्हणत राहणार होतो.

"दिले," मी म्हणालो. "पसाभर. मंगळवारी दुपारी. दोघाइच्या नावानं. हिले माहीत नाही."

वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. बाजारात भलत्याच माणसाला आपला समजून हाक मारावी आणि त्यानं तोंड वळवल्यावर आपण जसे बघत राहतो, तशी ती बघत राहिली. बकाराम मट्टकन खाली बसला.

"मारली तुनं माही पोरगी, उदाराम," तो म्हणाला. "काऊन बोलला गा? काऊन?"

पटेलांनी मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता तो. "मंग बाईले जाता येत नाही," ते म्हणाले. "माह्या घरी तीन नातवंडं आहेत. लाइनीवर लोकं मरून राहिले. मी कोनाकोनाचा जीव पाहू?"

"माहे तांदूर परत द्या," मी म्हणालो.

"मातेले वाह्यलेले परत येत नाहीत."

"तं मी बाहेर निघतो. आत्ता. आमी दोघंबी."

हे शब्द माझ्याच तोंडून निघाले, पण ते ऐकून सगळ्यांत जास्त मीच दचकलो. पटेल उठून उभे राहिले. असं कधी झालं नव्हतं, तरी काय विचारायचं ते त्यांना माहीत होतं.

"विहिरीचं पानी?"

"नको."

"गावचा विस्तव?"

"नको."

ते थांबले. मला वाटतं, त्यांना तिसरं विचारायचं नव्हतं.

"खांदा?"

"नको," मी म्हणालो, पण आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं बोल. गावानं ऐकलं पाह्यजे."

"नको! येशू ख्रिस्ताचा मानूस आहो मी. नको तुमचा खांदा!"

ओरडून झाल्यावर पाहिलं तर वच्छला माझ्याजवळ नव्हती. लुगडं खोचून, डबा डोक्यावर धरून ती कमरेएवढ्या पाण्यातून नाला पार करत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. मी नाल्याच्या काठावर बसलो, खुंटीच्या बाहेर. माझ्यापासून तीन पावलांवर, खुंटीच्या आत, बकाराम बसला. त्याला लेकीकडे जाता येत नव्हतं. त्यानंच ठोकलेली खुंटी त्याच्यासमोर होती. तो मातामायचं नाव पुटपुटत होता. मी येशूचं घेत होतो, पण माझी प्रार्थना काही सरळ जाईना. नंदा वाचू दे म्हणायला जायचो आणि मनात यायचं, नाही वाचली तर हे लोक वच्छलाला काय करतील? बरं, वाचली आणि उद्या गावात कुणाला हैजा झाला तर? तरी आमच्याच नावानं शिमगा. पटेलांनी आम्हाला बाहेर काढलं होतं खरं, पण भ्यालेला माणूस नियम बघत नाही. मी स्वतः त्यातलाच, मला माहीत आहे. टोलीतून एकदा किंकाळी आली आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. ती शांतता किंकाळीहून वाईट होती. बकारामनं डहाळीचं एकेक पान तोडून टाकलं. पानं संपल्यावर तो काडी सोलायला लागला.

ऊन कलतं झालं तेव्हा टिकाराम धावत आला. काठावर येऊन त्याला आधी बोलताच येईना.

"पोरगी झाली!" मग तो ओरडला. "दोघीबी जित्या आहेत!"

बकाराम लहान पोरासारखा रडला. उठला, माझ्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि खुंटीपाशी थांबला. मागे पटेल बसले होते. तो तसाच वळला आणि घराकडे गेला. मी त्याला दोष देत नाही. पण त्या एका पावलाची मला किती आशा लागली होती, ते तो थांबल्यावर कळलं.

सूर्य बुडता बुडता वच्छला आली. हात नाल्यात धुतले होते तरी नखांत रक्त होतं. ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली. आम्ही घरी आलो. निर्मलाबाई दारात उभी होती. आम्हाला पाहून तिनं कवाड लावून घेतलं. वच्छलानं चुलीवर भात ठेवायला घागर कलती केली तर तळाशी तांब्याभरच पाणी होतं. तेवढ्यात तिनं दोन मुठी भात शिजवला. मला रडू आलं होतं, पण रडायचाही धीर होत नव्हता.

भात वाढून ती समोर बसली आणि हात जोडले. घरात प्रार्थना तीच करायची. मी डोळे मिटले. काहीच ऐकू येईना म्हणून पुन्हा उघडले, तर ती माझ्याकडेच पाहत होती.

"आज तुमी बोला," ती म्हणाली. वेशीवरच्या त्या गोष्टीनंतरचे तिचे माझ्याशी पहिले शब्द.

"काय बोलू?"

"जे खरं असन ते."

मी पुन्हा डोळे मिटले. पाद्रीसाहेबांनी शिकवलेली सगळी वाक्यं मी विसरलो होतो.

"प्रभू," मी म्हणालो, "मी गावाले भ्यालो. तुले नाही भ्यालो, गावाले भ्यालो. माह्या बायकोले फसवलं. तुलेबी फसवत होतो, आठ दिवस." इथे थांबायला हवं होतं, पण ती म्हणाली होती जे खरं असेल ते. "अना प्रभू, आताबी मले भेव लागून राहिलं. बाहेर निघालो म्हनून काही भेव गेलं नाही. मी मेलो तं मले कोन नेईन?"

पुढे शब्द सुचेनात. भात थंड होत होता. मग ताटलीवरून हात पुढे करून वच्छलानं माझे जोडलेले हात आपल्या हातात घट्ट धरले.

"मी नेईन तुमाले," ती म्हणाली. "एकटी. आता आमेन म्हना."

मी आमेन म्हणालो.